पांढरी की तांबडी

पिंपळगावच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलं की नानांचा द्राक्षमळा लागायचा. एप्रिलमधल्या एका दुपारी माझा थोरला भाऊ मला स्कूटरवर मागे बसवून तिथे घेऊन गेला. द्राक्षाच्या पेट्या ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने मला उभं केलं आणि म्हणाला, "आता बघ हं." मग त्याने आणि मळ्यातल्या गड्याने दोन्ही बाजूंनी ताडपत्री ओढली.

खाली दोन मोटारी होत्या. एक पांढरी, एक तांबडी.

ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मोटार म्हणजे अँबॅसिडर, फार तर एखाद्या डॉक्टरची जुनी विलायती गाडी, एवढीच माझी समज. पांढरीचं बॉनेट इतकं लांब-रुंद होतं की त्यावर आमच्या क्वार्टरमधली खाट मावली असती. तांबडी तिच्याहून हातभर आखूड, दोनच दारांची, पुढे वाकून बसल्यासारखी. दोघींचं स्टिअरिंग डावीकडे होतं. दादाने पांढरीचं बॉनेट उचललं आणि मला जवळ बोलावलं. तो ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होता, रोज इंजिनांत हात घालणारा माणूस. तरी बोलला तो देवळात बोलल्यासारखा, अगदी हळू.

"आठ सिलिंडर आहेत, मास्तरीण. चार इकडे, चार तिकडे. अशी दोन इंजिनं एका छपराखाली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती."

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते, म्हणून तो मला मास्तरीण म्हणायचा. मला तिथे आणण्याचं कारणही तेच होतं. शाळेचं स्टॉपवॉच माझ्या ताब्यात असायचं.

नाना पन्नाशीचे होते. औषध फवारायचं यंत्र दुरुस्त करायला दादा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जायचा, तिथून ओळख वाढली. काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून नानांचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला होता. तरुणपणी त्यांनी मुंबईजवळ एकदा मोटारींची शर्यत पाहिली होती, आणि ती त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. त्या वर्षी बागेने भरभरून दिलं. मुंबईत परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. नाना एक घ्यायला गेले आणि दोन घेऊन आले.

"दोघींतली एक ठेवायची," ते मला म्हणाले, "आन् दुसरी इकायची. कोणती ठेवायची ते तुमच्या घड्याळानं सांगायचं, ताई. मेअखेरला शर्यत हाय."

शर्यत दोन जिल्हे पलीकडे, एका जुन्या बंद धावपट्टीवर होणार होती. नुसतं सरळ पळायचं नव्हतं. धावपट्टी आणि तिच्या बाजूचे रस्ते मिळून वळणावळणाची वाट आखायची, आणि तिच्यावर दहा फेऱ्या मारायच्या. चालवणार दादा.

सरावाला तशी वाट हवी होती. अंबडकडे नव्या औद्योगिक वसाहतीसाठी रस्ते पाडलेले होते. डांबर झालं होतं, कारखाने मात्र अजून आले नव्हते. रिकामे प्लॉट, नंबरचे दगड, बाभळी आणि एक पाण्याची टाकी. नानांनी ओळखीतून परवानगीची चिठ्ठी आणली आणि रविवारी सकाळी आम्ही तिथे जमलो. मी शाळेच्या मैदानावर मारते तसे वळणांवर फक्कीचे पट्टे मारले. एकूण वळणं चार. त्यांतलं टाकीजवळचं सगळ्यांत वाईट, कारण तिथे रस्ता एका मोरीवरून उजवीकडे वळून लगेच डावीकडे जायचा. आमच्याबरोबर नानांच्या पत्नी, काकी, आल्या होत्या. काष्ट्याचं नऊवारी नेसलेल्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन त्या बाभळीखाली बसल्या.

दादाने पांढरी सुरू केली. तो आवाज कानाला नाही, आधी पायांना कळला. मग छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी घुमायला लागलं. वसाहतीचा वॉचमन झोपडीतून बाहेर आला आणि हातातला चहा तसाच धरून उभा राहिला. मी हात खाली केला, बटण दाबलं, आणि ती गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा मला खरोखर दोन पावलं मागे सरावं लागलं. बघता बघता सरळ रस्त्याच्या टोकाला ती चिमणीएवढी दिसली.

"अगं बाई," एवढंच काकी म्हणाल्या.

पांढरीची पहिली फेरी एक मिनिट एकतीस सेकंदांची झाली. दुसरी चौतीस. तिसरी अडतीस. दादा थांबला तेव्हा चाकांतून करपल्याचा वास येत होता. त्याने तळहात चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

मग तांबडी. सरळ रस्त्यावर ती पांढरीपुढे फिकी वाटली. पहिली फेरी एक मिनिट तेहेतीस सेकंद, दुसरी तेहेतीस, तिसरी साडेबत्तीसच्या आसपास. मी आकडे वाचून दाखवले.

नानांचा चेहरा उजळला. "म्हंजे पांढरीच पयली!"

"पहिल्या फेरीला पहिली," मी म्हणाले. "शर्यत किती फेऱ्यांची, नाना?"

"धा."

पांढरी दर फेरीला का मंदावते ते दादाला ठाऊक होतं. पांढरी जड होती. तेवढा भार थांबवता थांबवता तिचे ब्रेक तापायचे, आणि तापले की धरायचे नाहीत. तांबडीच्या पुढच्या चाकांना उघड्या लोखंडी थाळ्यांचे ब्रेक होते, त्या वाऱ्याने लवकर निवायच्या. हे सगळं त्यानेच मला नंतर समजावलं. पण त्या वेळी तो पांढरीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ब्रेकचं काहीतरी करता येईल, नाना."

नानांनाही तेच ऐकायचं होतं. त्यांचा जीव पांढरीवर होता. ते उत्साहाने म्हणाले, "आपलं पेट्रोल तिला मानवत नाय, इंजिनात खडे वाजल्यागत आवाज येतो. तुमच्या कारखान्यात इमानाचं पेट्रोल असंल की."

"असेल. पण ते कारखान्याचं आहे, नाना."

नानांनी मान हलवली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

तेवढ्यात बाभळीखालून काकी म्हणाल्या, "मी मारू का एक चक्कर?"

नाना हसले. "मार की. कुंपणात नको घालू म्हंजे झालं."

काकींनी आधी पांढरी घेतली. संथ एक फेरी मारून उतरल्या. "लय जोर हाय," म्हणाल्या, "पन हिला थांब म्हनलं तर ऐकू येत नाय." मग तांबडीत बसल्या. तिला हाताने टाकायचे चार गिअर होते. पहिली फेरी त्यांनी रस्ता बघत घेतली, पावणेदोन मिनिटांच्या वर. दुसरी एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांवर आली. तिसऱ्या फेरीला मी टाकीच्या वळणाकडे बघत उभी होते. दादा तिथून जाताना टायर किंचाळायचे आणि मागे धूळ उठायची. काकी गेल्या तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. गाडी वळणात शिरली आणि बाहेर आली, बस. मला वाटलं, फारच हळू गेल्या. बटण दाबून घड्याळ बघितलं तर एक मिनिट छत्तीस.

मी घड्याळ पुन्हा सुरू करून कानाला लावून बघितलं. चालू होतं.

दादाने पुढे होऊन त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "काकी, टाकीच्या वळणावर ब्रेक कुठे लावलात?"

"वळणावर कुठं? आधीच लावला." त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "वळणात ब्रेक दाबला का मागच्या पेट्या सरकत्यात, मणी गळत्यात. सुरतचा व्यापारी मग माल घेत नाय."

तेव्हा मला समजलं की नानांचा गुडघा गेल्यापासून द्राक्षाचा टेम्पो वणीवरून सापुताऱ्याचा घाट उतरून सुरतेला काकीच नेत होत्या. ड्रायव्हर टिकत नव्हते, माल थांबत नव्हता, म्हणून त्या चालवायला शिकल्या. सहा हंगाम झाले होते. घाटात घड हलू नयेत म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा, वळण एका संथ ओढीत काढायचं आणि रस्ता सरळ दिसला की पाय दाबायचा, हे त्यांचं त्यांनाच सुचलेलं होतं. मळ्यात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नव्हतं, त्यांनाही नाही.

त्या दिवशी ठरलं, तांबडी ठेवायची. नानांनी पांढरीवर स्वतःच्या हाताने ताडपत्री घातली.

पुढचे रविवार सारखेच जायचे. दादा तांबडी चालवायचा, मी आकडे वहीत मांडायचे आणि शेवटी काकी दोन-तीन फेऱ्या मारायच्या, हौस म्हणून. मग आम्ही चौघं एकाच डब्यातून जेवायचो. आमचं गावाकडचं घर बौद्धवाड्यातलं आणि नानांचं घर पाटलाचं, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. पहिल्या दिवशी काकींनी स्वतःच्या हाताने भाकरीचा अर्धा तुकडा मोडून मला दिला आणि उरलेला आपण खाल्ला. तेवढ्यावर तो विषय संपला.

एकदा मी तांबडीत काकींच्या शेजारी बसले. घड्याळ दादाकडे दिलं होतं. सरळ रस्त्यावर पाठ सीटला चिकटली. टाकी अंगावर येत होती. मी डोळे मिटणार, तोच पुढचा भाग किंचित खाली वाकला, वेग उतरला, आणि मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं मोठं धूड वळत होतं आणि मला काहीच ढकलत नव्हतं. पाण्याची भरली घागर डोक्यावरून न हिंदकळता नेणारी बाई चालते, तशी ती गाडी मोरीवरून उजवीकडे आणि मग डावीकडे वळली. मी काकींच्या हातांकडे बघितलं. बांगड्या जेमतेम वाजत होत्या. त्यांचे डोळे बॉनेटवर नव्हते, वळणाच्या पलीकडे कुठेतरी होते. शर्यतीच्या गाडीत बसायची भीती वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं ते वेगळंच. इतक्या जवळून इतकं अचूक काही मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून हसावं की रडावं ते कळेना.

चौथ्या रविवारी दादाने त्याची सगळ्यांत चांगली फेरी मारली. एक मिनिट एकतीस सेकंद आणि तीन घरं. त्या घड्याळात सेकंदाचे पाच भाग असायचे, त्यांना आम्ही घरं म्हणायचो. दादा खूष होता. शर्ट घामाने चिंब, तरी हसत होता. मग काकी बसल्या. त्यांची दुसरी फेरी संपली, मी बटण दाबलं.

एकतीस सेकंद आणि एक घर.

घड्याळ माझ्या मुठीत होतं. काटा कोणी पाहिला नव्हता. अंगठा बटणावरच होता. पुन्हा दाबलं असतं की काटा शून्यावर. दादा पन्नास पावलांवर स्कूटरच्या टायरची हवा बघत बसला होता. लहानपणी सायकलच्या दुकानात पंक्चर काढून त्याने माझ्या शाळेची पुस्तकं घेतली होती. शर्यतीत उतरायचं हे त्याच्या वाट्याला आलेलं पहिलं काहीतरी होतं जे कामाचं नव्हतं, पोटाचं नव्हतं. माझा अंगठा तिथे किती वेळ राहिला ते मला माहीत नाही. पण आयुष्यभर मुलींना मी सांगत आले होते की घड्याळ म्हणतं ते घड्याळ म्हणतं.

मी मोठ्याने आकडा सांगितला.

दादा उठला. माझ्या हातातून घड्याळ घेऊन त्याने बघितलं. मग काकींना म्हणाला, "परत एकदा मारता?"

काकींनी परत मारली. या वेळी बरोबर एकतीस.

दादा नानांकडे वळला. "फॉर्म अजून पाठवला नाही ना? त्यावर काकींचं नाव लिहा."

"याड लागलं का तुला?" नाना म्हणाले.

"मला इचारलं का कुनी?" काकी एकदम रागावल्या. "पोराला चालवू दे. इतके दिस राबलाय तो. मी काय शर्यतीत जानारी बाई हाय का?"

"काकी," दादा म्हणाला, "मी इंजिन बघतो. तुम्ही रस्ता बघा. दहा फेऱ्या आहेत. सातव्या फेरीला मी दमेन आणि वळणात ब्रेक मारेन, हे मला माहीत आहे. तुम्ही नाही मारणार."

काकी नानांकडे बघत राहिल्या. नाना बराच वेळ काठीच्या टोकाने मातीत रेघा ओढत होते. मग म्हणाले, "घाटात तू माल नेतीस तवा मी घरी बसून देवाचं नाव घेतो. हितं निदान समोर तरी दिसशील."

परतताना आम्ही द्वारका चौकात आलो. तिथे गर्दीत स्कूटर थांबली तेव्हा दादा मागे न बघता म्हणाला, "तू जरा थांबली होतीस. पाहिलं मी."

"हो."

"बरं केलंस सांगितलंस ते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "वाईट वाटतंय पण. खोटं कशाला बोलू." त्या दिवशी तो जेवला नाही. आईला उन्हाचं कारण सांगितलं. पुढच्या रविवारी मात्र आमच्या आधी उठून हत्यारांची पेटी स्कूटरला बांधत होता.

शर्यतीच्या दिवशी धावपट्टीवर वारा भणभणत होता. कडेला गवताच्या पेंढ्या आणि रिकामी पिंपं लावून वळणं आखली होती. मोठ्या इंजिनांच्या गटात सात गाड्या, बहुतेक मुंबई-पुण्याच्या. काष्टा नेसलेली बाई गाडीतून उतरताना बघून एक जण म्हणाला, "ड्रायव्हर कुठाय?" काकी म्हणाल्या, "हितं." तो हसला, मग इकडेतिकडे बघून हसायचा थांबला. हेल्मेट काकींच्या अंबाड्यावर बसेना. मी पिंपाआड त्यांना बसवून अंबाडा सोडला आणि वेणी घालून पदरात खोचून दिली. त्यांची मान गार पडली होती.

"घाबरलात?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "पन घाटातबी घाबरतेच की."

निशाण पडलं आणि सहा गाड्या त्यांच्या पुढे निघून गेल्या. पहिल्या फेरीला तांबडी शेवटची. नाना काठीवर दोन्ही हात रोवून उभे होते, ओठ हलत होते. तिसऱ्या फेरीला एक गाडी वळणावर न वळता सरळ पेंढ्यांत घुसली. चालवणारा धडधाकट बाहेर आला. चौथ्यापासून करपल्याचा वास येऊ लागला. पुढच्या गाड्या वळणाला आल्या की ओरडत, डोलत, रुंद होत बाहेर जायच्या, आणि त्यांच्या आतून तांबडी काहीच न घडल्यासारखी पुढे यायची. पाचव्याला दोन, सहाव्याला दोन. लोक उठून उभे राहिले. मी प्रत्येक फेरी मोजत होते. सातवी, आठवी, नववी, तिन्ही फेऱ्यांत मिळून दोन घरांचाही फरक नव्हता. मी वर्षानुवर्षं मुलींना पळताना मोजलं होतं. दमणाऱ्या शरीराचं घड्याळ कसं घसरतं ते मला पाठ होतं. हे घसरत नव्हतं.

शेवटच्या सरळ रस्त्यावर एक जुना कसलेला चालवणारा त्यांच्या पुढे होता. तांबडीने अंतर कमी केलं, पण त्याला गाठता आलं नाही. काकी दुसऱ्या आल्या. गाडीच्या एका लांबीने.

दादा पळत गेला तो आधी चाकांपाशी. हात जवळ नेऊन त्याने बघितलं आणि वर बघून म्हणाला, "काकी, हिच्यात अजून दहा फेऱ्या शिल्लक आहेत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. नानांना चालत येऊन पोचायला वेळ लागला. त्यांनी टोपी काढली आणि तिने काकींच्या तोंडावरची धूळ पुसली, सगळ्यांसमोर. काकी लाजून म्हणाल्या, "राहू द्या, लोकं बघत्यात."

पहिल्या आलेल्या माणसाने येऊन त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, कुठे शिकलात? काकींनी सापुताऱ्याचं नाव सांगितलं. तिथे मोटारी शिकवायची शाळा आहे असं त्याला वाटलं असावं.

त्यानंतर काकी शर्यतीत उतरल्या नाहीत. पांढरी मुंबईच्या एकाने नेली. तांबडी चार-पाच वर्षं मळ्यात होती. पेट्रोल फार पीत असे, म्हणून दसऱ्याला पूजा करून एक चक्कर, एवढंच. पुढे सुटे भाग मिळेनात तेव्हा नानांनी ती दादालाच देऊ केली. दादाने ती क्वार्टरमध्ये कुठे ठेवणार म्हणून नको म्हटलं, पण तिचं इंजिन उघडून पुन्हा जोडायला तो दोन महिने मळ्यावर जात राहिला.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला मी गाडी शिकायचं ठरवलं. दादा म्हणाला, "मी शिकवीन, पण माझ्यासारखी चालवशील." म्हणून मी काकींकडे गेले. त्यांनी मला टेम्पोत बसवलं, मागे रिकाम्या पेट्या रचल्या आणि वणीच्या रस्त्याला लावलं. पहिल्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि सगळ्या पेट्या धडाधड माझ्या पाठीमागे येऊन आदळल्या. काकी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उतर पोरी. परत रच." त्या दिवशी मी पेट्या अकरा वेळा रचल्या. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं.